स्तनातील गाठ : सोनोग्राफी हाताने की यंत्राने?

स्तनातील गाठ बहुधा दुखत नाही, आणि न दुखणारी गाठ घरात कुणाला सांगितली जात नाही. लवासा परिसरातील दासवे-मुगावकडच्या बाईला पुण्याला तपासणीसाठी जायचे तर सगळा दिवस मोडतो, मजुरी बुडते. म्हणून एका फेरीत जास्तीत जास्त निदान होणे महत्त्वाचे. सोनोग्राफी कोणती करावी, हा प्रश्न इथे येतो.

नेहमीच्या सोनोग्राफीत डॉक्टर छोटा प्रोब हातात धरून गाठीवर फिरवतात. गाठ पाण्याची की भरीव, कडा गुळगुळीत की वेड्यावाकड्या, ती आडवी पसरली आहे की उभी वाढते आहे, हे तिथल्या तिथे दिसते. डॉपलरने रक्तप्रवाह पाहता येतो, काख तपासता येते आणि पडद्यावर पाहतच सुईने तुकडाही घेता येतो. मात्र सारी भिस्त तपासणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर असते.

स्वयंचलित सोनोग्राफीत सुमारे १५ सेंटीमीटर रुंदीचा प्रोब यंत्रच स्तनावरून सरकवते. चित्रे साठवली जातात, संगणक स्तनाचे समोरून थरामागून थर दाखवतो. प्रशिक्षित तंत्रज्ञ हे काम करू शकतो आणि रेडिओलॉजिस्ट नंतर चित्रे वाचतो. दर वेळी तपासणी एकाच पद्धतीने होते, त्यामुळे जुनी-नवी चित्रे ताडून पाहणे सोपे जाते. अमेरिकेत २०१२ मध्ये तिला मान्यता मिळाली ती दाट स्तन असलेल्या स्त्रियांमध्ये मॅमोग्राफीला पूरक चाळणी म्हणून. पण या यंत्राने काख नीट पाहता येत नाही, सुईची तपासणी करता येत नाही. स्तनाग्रामागची सावलीही कधी फसवते. संशय आला की पुन्हा हाताचा प्रोब लागतोच.

थोडक्यात, गाठ नसताना शोध घ्यायला स्वयंचलित यंत्र उपयोगी. गाठ हाताला लागली असेल तर हाताची सोनोग्राफी आधी. तिशीच्या आतील स्त्रीसाठी सोनोग्राफी ही सहसा पहिली तपासणी. चाळिशीनंतर जोडीला मॅमोग्राफी हवी. शंकास्पद गाठीचा निकाल मात्र बायोप्सीच देते.

यंत्र गावात आणणेही सोपे नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे आणि ते हवे तिथे नेता येत नाही. पण प्रशिक्षित हात गावात पोहोचू शकतात. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या गटातील स्त्रियांचे स्तन आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या गटातील कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले. सर्व वयांचा एकत्र विचार करता घट ठोस ठरली नाही, हेही खरे.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील स्त्रियांची अशी तपासणी आरोग्य केंद्रात होते. बहुतेक गाठी साध्या असतात, पण ते तपासल्यावरच कळते. गाठ, स्तनाग्रातून रक्त, आत ओढलेली त्वचा किंवा काखेत सूज दिसली तर पुढच्या पाळीची वाट पाहत महिने घालवू नका, आशाताईंना सांगा. पुण्याला जाताना जुने रिपोर्ट आणि चित्रे बरोबर घ्या, आणि शंका निघाली तर सुईची तपासणी त्याच दिवशी होईल का, हे आधीच विचारून ठेवा.