सिंदेवाहींतील बिनदुधाचा पिझ्झा

वरणभातावर तुपाची धार पडल्यावांचून पान वाढून झालें असें आपल्या घरांत कोणी मानीत नाहीं. पूजेस पंचामृत, श्राद्धास खीर, आजाऱ्यास दूध, पाहुण्यास चहा. दुधानें आपला सारा संसार व्यापिलेला आहे. अशा घरांतील एखादा मुलगा "मला दूध, दहीं, तूप कांहींच नको" असें म्हणूं लागला म्हणजे काय होतें, याचा अनुभव आमच्या सिंदेवाहीच्या घरानें गेल्या दिवाळींत घेतला.

माझा पुतण्या पुण्यास शिकतो. वासराच्या वाट्याचें दूध आपण घ्यावयाचें नाहीं, असा त्याचा निश्चय. तो ऐकतांच आमच्या मातोश्रींनीं हातांतील तुपाची वाटी खालीं ठेविली आणि एवढेंच म्हणाल्या, "माझ्या हातचें तूप नको, तर आजी तरी कशाला हवी?" दोन दिवस मुलगा कोरडा वरणभात खात होता, आणि मातोश्री त्याच्या पानाकडे न पाहतां वाढीत होत्या. घरांत सण होता, पण पंक्तींत बोलणें नव्हतें.

या व्रतास आज "व्हीगन" म्हणतात. हा शब्द १९४४ सालीं इंग्लंडांत डोनाल्ड वॉट्सन व त्यांच्या मित्रमंडळींनीं रूढ केला. परंतु विचार आपणांस अगदींच परका नाहीं. महात्मा गांधींनीं १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील टॉल्स्टॉय फार्मवर दूध वर्ज्य केलें होतें. पुढें मोठ्या दुखण्यांत त्यांस शेळीचें दूध घ्यावें लागलें. त्या तडजोडीचें शल्य त्यांनीं आत्मकथेंत मोकळेपणानें सांगितलें आहे. त्यांचें सेवाग्राम आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यांतच आहे.

तिसऱ्या दिवशीं धाकट्या मुलांनीं पिझ्झ्याचा हट्ट धरला, म्हणून आम्ही गांवांतील एका लहानशा उपाहारगृहांत गेलों. पुतण्यानें नुसतें पाणी मागितलें. मालकानें कारण विचारलें आणि विकतच्या पिझ्झ्याच्या पोळीचें वेष्टन आणून दाखविलें. त्यावर दुधाची भुकटी लिहिलेली होती. "चीज काढून टाकलें तरी तुमचें काम व्हायचें नाहीं," तो म्हणाला. "उद्यां सायंकाळीं या. मीच पीठ भिजवून ठेवतों."

चीजवांचून पिझ्झा म्हणजे तुपावांचून पुरणपोळी, असें मला वाटलें होतें. तो माझा गैरसमज. पिझ्झ्याचें माहेर इटलींतील नेपल्स. तेथील "मारिनारा" या जुन्या प्रकारांत चीज मुळींच नसतें; टोमॅटो, लसूण, ऑरेगॅनो नांवाचा सुगंधी पाला व ऑलिव्हचें तेल, एवढेंच. युरोपीय संघानें २०१० सालीं नेपल्सच्या पिझ्झ्याची परंपरागत कृति नोंदविली, तींत मारिनारा आणि मार्गेरीटा हे प्रकार आहेत. भट्टी सुमारें ४८५ अंशांची, आणि भाजण्यास वेळ ६० ते ९० सेकंद.

दुसऱ्या दिवशीं मालकानें केलेली कृति गृहिणींनीं ध्यानांत ठेवावी. मैदा, पाणी, मीठ व चिमूटभर यीस्ट यांचें पीठ रात्रभर मुरलेलें होतें; चव त्या मुरण्यांतच येते. टोमॅटोचा रस त्यानें पाणी आटेपर्यंत शिजविला होता, नाहींतर पोळी चिघळते. ऑरेगॅनोच्या जागीं ओंवा चुरडून घातला. दोहोंचा वास जवळचा आहे. आणि भट्टींतून काढल्यावर वरून जवसाचें कच्चें तेल सोडलें. आमच्या भागांत जवस घरचेंच. तें फार तापविलें तर कडवट होतें, म्हणून शेवटीं. चीज जो स्निग्धपणा देतें तो या तेलानें दिला. कडा करपल्यासारख्या फुगलेल्या, मध्यें आंबटगोड रस; मुलांनीं आपला चीजचा पिझ्झा सोडून त्यांतलाच तुकडा मागितला.

मातोश्रींस मात्र तो चालणारा नव्हता. कार्तिकी एकादशी व्हावयाची होती. चातुर्मासांत त्या लसूण खात नाहींत. तेव्हां पुतण्या हळूच म्हणाला, "आजी, चार महिने तूं कांदालसूण सोडतेस, आणि आई तुझी भाजी निराळी करते. तिनें कधीं विचारलें का, माझ्या हातचें तुला कां नको म्हणून?"

मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. मालकानें मात्र तें ऐकलें, आणि लसणीऐवजीं हिंग घालून एक लहान पिझ्झा त्यांच्यासाठीं निराळा भाजला. त्यांनीं एक घांस घेतला. "तेल ताजें आहे," त्या म्हणाल्या, आणि उरलेला तुकडाही संपविला.

ज्या घरांत असा मुलगा वा मुलगी असेल त्यांस दोन सूचना. वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहून निश्चिंत राहूं नये. त्या ठिपक्याच्या पदार्थांत दूध असूं शकतें. व्हीगन पदार्थांसाठीं आपल्या देशांत २०२२ सालीं स्वतंत्र नियम झाले असून त्यांचें निराळें चिन्ह आहे, तें पाहावें. दुसरें, ब-१२ हें जीवनसत्त्व वनस्पतींपासून भरंवशानें मिळत नाहीं; तें वैद्यकीय सल्ल्यानें औषधरूपानें अवश्य घ्यावें.

भाऊबीजेच्या दिवशीं पानें मांडलीं. भाकरी, वांग्याचें भरीत, तेलावर लावलेलें थालीपीठ, तिळाची चटणी. यांपैकीं कशांतच दूध नव्हतें, आणि तें आमच्या ध्यानांतही आलें नव्हतें. मातोश्री तुपाची वाटी घेऊन पंक्तींतून निघाल्या. पुतण्याच्या पानाशीं त्या थांबल्या, आंत गेल्या, आणि जवसाच्या तेलाची वाटी घेऊन आल्या. त्याच्या वरणभातावर धार सोडतांना त्यांनीं नेहमींप्रमाणें विचारलें, "आणखी थोडें वाढूं?"