औपचारिक शिक्षण आणि उद्योजकता : लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण

'धंदाच करायचा तर शाळा कशाला?' हा प्रश्न आपण ऐकला असेल. दुकान सांभाळून हा अभ्यासक्रम करणाऱ्यांनी तर तो घरातच ऐकला असेल. अभियांत्रिकीची पदवी नसताना लोखंडी नांगरांचा कारखाना उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) या प्रश्नाच्या पुष्टीसाठी सहज पुढे करता येतात. परंतु ते अर्धेच खरे आहे.

चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. काही रंगांतील भेद त्यांना ओळखता येत नसे, म्हणून त्यांनी यांत्रिक आरेखन आत्मसात केले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवले. नोकरी सोडल्यावर बेळगावात सायकलींचा व्यवसाय, मग कडबा कापण्याची यंत्रे व नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी, असा त्यांचा प्रवास झाला.

भाषावैज्ञानिक दृष्टीने यांत्रिक आरेखन ही एक चिन्हव्यवस्थाच होय. समोरून, वरून व बाजूने दिसणारी रूपे, ठरलेले प्रमाण, छेद दाखवणाऱ्या तिरप्या रेषा हे तिचे सर्वमान्य संकेत. कसबी लोहाराचे माप त्याच्या हातात आणि डोळ्यांत असते. ते दुसऱ्यास द्यायचे तर त्याला शेजारी बसवून शिकवावे लागते. आरेखनामुळे तेच माप कागदावर उतरते. मग लाकडी नमुना करणारा सुतार, ओतकाम करणारा आणि लेथवरचा कामगार यांना पदोपदी मालकाला विचारावे लागत नाही. मोडलेल्या फाळाच्या जागी तसाच दुसरा बसवता येतो. ज्ञान प्रसंगापासून आणि व्यक्तीपासून सोडवून चिन्हांत मांडण्याचा हाच सराव शाळा देते. हिशेबाची वही आणि करारपत्र याच जातीची.

लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, ही शेतकऱ्यांची समजूत मात्र कोणत्याही आरेखनाने दूर होणारी नव्हती. तेथे चिकाटीच लागली; शाळा ती देतेच असे म्हणवत नाही. पुढे १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. त्यातूनच 'किर्लोस्कर' मासिक घडले, हे मराठीच्या विद्यार्थ्यांस वेगळे सांगायला नको.

कृती : परिचयातील एखाद्या व्यावसायिकाची मापांची वा उधारीची वही पाहा. लिहिणारा समोर नसताना ती दुसऱ्यास कितपत उलगडते, ते दहा ओळींत लिहा.