धानाचे काँक्रीट खळे: ठेकेदाराला काम देण्यापूर्वीचे प्रश्न

दिवाळीच्या आसपास हलक्या धानाची कापणी सुरू झाली की भंडारा जिल्ह्यातल्या गावागावांत एकच अडचण उभी राहते. धान वाळवायचे कुठे? पूर्वी खळे शेणाने सारवले जायचे, मधल्या मेढीभोवती बैल फिरायचे, आणि कडपा बांधीतच चांगल्या वाळून आलेल्या असायच्या. आता हार्वेस्टरमधून निघालेले धान ओले असते. ते दोन-तीन दिवस पसरावेच लागते. जागा नसली की धान डांबरी रस्त्यावर जाते आणि अपघाताला निमित्त होते. आधारभूत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. माती-खडे १ टक्क्याच्या वर गेले तरी धान अडते. उन्हाळी धानाला तर वळवाच्या पावसाची घाई असतेच.

म्हणून अनेक जण घराजवळ काँक्रीटचे खळे करून घेतात. पण दोन हंगामांत त्याचे पोपडे निघाले, तर तीच गिट्टी आणि सिमेंटची भुकटी धानात मिसळते. पैसे घालून खडे विकत घेतल्यासारखेच झाले. काँक्रीट हे झाकले जाणारे काम आहे. एकदा ओतले की जाडी किती, सिमेंट किती, खाली काय भरले हे वरून दिसत नाही. त्यामुळे ठेकेदाराला विचारायचे ते ओतण्याआधी विचारा आणि मोजायचे ते ओतताना मोजा.

मालासह ठेका द्यावा की फक्त मजुरीवर?

खळ्यासाठी आमचे मत स्पष्ट आहे. सिमेंट, रेती आणि गिट्टी स्वतः आणा. ठेकेदाराला मजुरी आणि मिक्सर एवढेच द्या. मालासह ठेक्यात दर चौरस फुटावर ठरतो आणि कमी दर देणारा नफा काढतो तो जाडीतून किंवा सिमेंटमधून. घरात उभे राहून पाहायला कुणीच नसेल, तर मालासह द्या. पण मग जाडी आणि सिमेंटच्या गोण्या कागदावर लिहून घ्या.

हिशेब अवघड नाही. २० फूट बाय ३० फुटांचे खळे आणि ४ इंच जाडी धरली, तर २०० घनफूट काँक्रीट लागते. १ घमेले सिमेंट, दीड घमेले रेती आणि ३ घमेली गिट्टी, म्हणजे ज्याला मिस्त्री एम-२० म्हणतात, त्या प्रमाणाला सुमारे ४५ गोण्या सिमेंट, ८५ घनफूट रेती आणि पावणेदोन ब्रासच्या आत गिट्टी बसते. १:२:४ प्रमाणाला ३६ गोण्या पुरतात. पावले आणि फावडी रोज चालणाऱ्या, उन्हापावसात उघड्या राहणाऱ्या खळ्याला आम्ही पहिलेच प्रमाण सुचवू. आता हेच खळे ४ इंच सांगून ३ इंच झाले तर ३४ गोण्यांत काम भागते. ११ गोण्यांचा फरक, आणि वरून पाहणाऱ्याला दोन्ही खळी सारखीच दिसतात.

भरलेली ट्रॉली खळ्यावर चढवायची असेल तर हे आधीच सांगा. त्याला ६ इंच जाडी लागेल आणि सिमेंट ६८ गोण्यांवर जाईल. सगळे खळे जाड करण्यापेक्षा ट्रॉली कडेला उभी करून धान ओतणे बहुतेकांना परवडते.

रेती-गिट्टी आणताना काय पाहावे?

वैनगंगेकाठच्या माणसाला रेती शिकवायला नको. तरीही दोन गोष्टी. ट्रॉली आतून मोजा: लांबी, रुंदी आणि रेतीची उंची फुटांत घेऊन गुणाकार करा व १०० ने भागा, ब्रास निघतो. आत १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट भरलेली ट्रॉली म्हणजे ९० घनफूट, पूर्ण ब्रास नव्हे. ओलसर रेती फुगलेली असते, तीच वाळल्यावर कमी भरते, हेही लक्षात ठेवा. दुसरे, पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत रेती घ्या, वर मीठ घातलेले पाणी भरून जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. रेतीवर गाळाचा थर बसतो. तो रेतीच्या उंचीच्या बाराव्या हिश्श्याहून जाड असेल तर ती रेती धुतल्याशिवाय वापरू नका.

रेतीसोबत वाहतूक परवाना मागून घ्या. 'रेती मी पोहोचवून देतो, तुम्ही कागद विचारू नका' असे म्हणणाऱ्याच्या भरवशावर राहू नका. विनापरवाना रेती सापडली तर महसूल विभाग दंड आकारतो आणि वाहनही अडकते. पावसाळ्यात नदीतला उपसा बंद असतो, तेव्हा रेतीचा भाव आणि तुटवडा दोन्ही वाढतात.

सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

खाली काय भरणार, हे विचारले का?

ठेकेदाराशी बोलताना सगळे दरावर बोलतात, जमिनीवर कुणी बोलत नाही. खळी फुटतात ती बहुधा खालून. आपल्याकडे जमीन एका गावात दोन-तीन तऱ्हेची असते. खरडी किंवा बरडी जमिनीवर फार त्रास नाही. कन्हार जमीन मात्र पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतले तर पहिल्याच उन्हाळ्यात तडा जातो. मोरांड असेल तरी सावध राहा. वरची काळी माती किमान ९ इंच काढून मुरूम भरायचा, तोही एकदम नव्हे. चार-साडेचार इंचांचा थर, पाणी, धुम्मस किंवा रोलर, मग दुसरा थर. टाच जोरात आपटली तरी खड्डा पडू नये इतके घट्ट झाले की मगच पुढे जा. हे काम एक दिवस आधी संपवायला सांगा आणि त्या दिवशी पैशाचा एक हप्ता द्या, म्हणजे तुमची पाहणी होते आणि ठेकेदारालाही घाई राहत नाही.

उतारही याच वेळी ठरतो. २० फुटांना अडीच इंच उतार पुरेसा आहे. पाणी घराच्या भिंतीकडे किंवा शेजाऱ्याच्या अंगणात जाणार नाही अशा दिशेने तो ठेवा, नाही तर खळ्याचा वाद वेगळ्याच दारात जातो.

चारही बाजूंना खुंट्या ठोकून दोरी बांधा. दोरीपासून मुरमापर्यंतचे अंतर पाच-सहा ठिकाणी टेपने मोजा. तीच तुमची जाडी. मिक्सर सुरू झाल्यावर हे मोजता येत नाही.

सळाख घालावी का?

जमिनीवर पसरलेल्या खळ्याला सळाख घातली म्हणून ते जाड होत नाही. ती तडा रुंदावू नये म्हणून असते. घालायचीच तर ८ मिमीची जाळी पुरे, पण ती विटांच्या तुकड्यांवर नव्हे, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उचलून ठेवायला लावा. मुरमावर पडलेली जाळी काही कामाची नाही. त्यापेक्षा सांध्यांवर भर द्या. काँक्रीट वाळताना आकसते आणि त्याला सोयीची रेघ दिली नाही तर ते स्वतःची वाकडीतिकडी रेघ काढते. ४ इंचाच्या खळ्याला ८ ते १० फुटांवर सांधा हवा. म्हणजे २० बाय ३० च्या खळ्याच्या सहा चौकटी. एक सोडून एक चौकट भरली तर उत्तम; मिक्सर दोनदा आणावा लागतो म्हणून ठेकेदार कुरकुर करेल. ते जमत नसेल तर दुसऱ्या दिवशी कटरने १ इंच खोल रेघा मारून द्यायचे आधीच ठरवा. नंतर त्यात डांबर भरून घेतले की दाणे अडकत नाहीत.

ओतण्याच्या दिवशी कुठे उभे राहावे?

मिक्सरजवळ. घरातल्या एका माणसाने दिवसभर दुसरे काही काम घेऊ नये. रिकाम्या गोण्या एका बाजूला रचत जा आणि संध्याकाळी मोजा. घमेल्याऐवजी एका गोणीच्या मापाचा फर्मा, म्हणजे सव्वा घनफुटाची लाकडी पेटी असेल तर प्रमाण चुकत नाही.

सगळ्यात मोठे भांडण पाण्यावरून होते. मजुरांना पातळ माल पसरवायला सोपा जातो, म्हणून ते पाणी वाढवतात. एम-२० साठी एका गोणीला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी जाऊ नये, १५ लिटरच्या दोन बादल्या; रेती ओली असेल तर त्याहून कमी. पातळ माल सहज पसरतो, पण वाळल्यावर वरचा थर भुसभुशीत राहतो. आणि एक खास सूचना: पृष्ठभागावर पाणी आलेले असताना त्यावर कोरे सिमेंट भुरभुरून थापी मारू देऊ नका. त्या दिवशी ते गुळगुळीत, चकचकीत दिसते. पुढच्या वर्षी तोच पापुद्रा फाळक्याला लागून धानात येतो.

एप्रिल-मेमध्ये काम करायचे झाले तर पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी संपवा. खरे तर खरिपाचे धान विकले गेल्यानंतर, डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे खळ्याचा हंगाम आहे. मजूर मोकळे असतात, ऊन सौम्य असते आणि उन्हाळी धान निघेपर्यंत खळे पक्के होते.

पाणी किती दिवस मारायचे आणि ते कुणी?

बाजारात आता बहुतेक राखमिश्रित सिमेंट, म्हणजे पीपीसी मिळते. त्याला किमान १० दिवस ओले ठेवावे लागते, कडक उन्हात १४. दिवसातून दोनदा पाइप फिरवणे म्हणजे ओले ठेवणे नव्हे. बांधीला धुरे घालतो तसे मातीचे छोटे धुरे घालून पाणी साठवा, किंवा तणस अंथरून ते सतत भिजते ठेवा. हे काम ठेकेदाराचे की तुमचे, हे आधी ठरवा. दोघांचेही धरले तर ते कुणाचेच होत नाही. आमचा अनुभव असा की ते घरच्यांनीच करावे, पाणीही घरचेच असते. दोन आठवड्यांनी धान पसरा, ट्रॅक्टर मात्र २८ दिवसांनंतरच.

घराच्या स्लॅबला हेच नियम का?

खळे चुकले तर पैसा जातो, स्लॅब चुकला तर माणूस. स्लॅबची सळाख, तिचा व्यास आणि अंतर मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. अभियंत्याकडून कागदावर घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात शासन ठेकेदार नेमून देत नाही, बांधकाम लाभार्थ्यानेच करून घ्यायचे असते. त्यामुळे 'मी पंचायतीचा ठेकेदार आहे, घरकुल माझ्याकडेच द्यावे लागते' असे कुणी सांगितले तर ते खरे नाही. हप्ता बांधकामाच्या टप्प्यानुसार मिळतो, म्हणून ठेकेदाराचा हप्ताही त्याच टप्प्यांना बांधा. पंचायत समितीतल्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला स्लॅबच्या आधी सळाख पाहायला बोलावता येते. सहायक कृषी अधिकारी व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे लाभार्थ्यांना आवर्जून सांगावे.

सेंट्रिंग काढण्याची घाई हा जीवघेणा प्रकार आहे. ठेकेदाराला त्याच प्लेटा पुढच्या घरी न्यायच्या असतात. १५ फुटांपर्यंतच्या गाळ्याला टेके किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवावेत असे भारतीय मानक सांगते. हे साध्या सिमेंटचे दिवस आहेत. पीपीसी हळू पक्के होते, त्यात थंडी असली तर आणखी हळू. दोन आठवड्यांच्या आत टेक्याला हात लावू देऊ नका.

पैसे कसे द्यावेत?

विसार थोडा द्या, मिक्सर ठरवण्यापुरता. मग मुरूम पक्का झाल्यावर एक हप्ता, ओतल्याच्या संध्याकाळी गोण्या मोजून मोठा हप्ता आणि शेवटचा दहावा हिस्सा महिनाभराने, खळ्यावर पाणी ओतून ते कुठे साचत नाही हे पाहिल्यावर. ठेकेदार गावातला, नात्यातला असला की लिहून घ्यायला संकोच वाटतो. साध्या कागदावर लांबी, रुंदी, जाडी, प्रमाण, सांध्यांचे अंतर, दर आणि हप्ते लिहा, दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, रक्कम शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या. प्रामाणिक मिस्त्रीलाही या कागदाचा फायदा होतो, कारण काम झाल्यावर 'हेही करून दे' म्हणणारे घरमालक कमी नाहीत.

तरीही काम बिघडलेच, तर आधी फोटो काढा, मोजमाप घ्या आणि ठेकेदाराला लेखी कळवा. बहुतेक वाद इथेच मिटतात. न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये घरबांधणी ही सेवा धरली आहे. स्लॅब किंवा घराच्या बांधकामाची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. तिथे पहिला प्रश्न कागदाचाच विचारला जातो.

खळे तयार झाल्यावर एक गोष्ट. काँक्रीट मातीपेक्षा फार तापते. भर दुपारी पातळ थरात पसरलेले धान झपाट्याने सुकते, दाणा आतून तडकतो आणि भरडताना कणी जास्त पडते. दोन-तीन इंचांचा थर ठेवा, तासा-दोन तासांनी पालटा आणि उन्हाळी धानाला दुपारी बारा ते तीन ढीग करून झाकून ठेवा.