ईस्टरचे पुष्पचक्र घरी कसे करावे?

विद्यार्थिमित्रहो, ‘पुष्पचक्र’ हा शब्द वाचला की हुतात्म्यांचे स्मारक किंवा अंत्ययात्रा डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु तेच चक्र ईस्टरच्या सकाळी दारावर टांगले म्हणजे त्याचा अर्थ पालटतो. वर्तुळास आदि नाही व अंत नाही. म्हणून ख्रिस्ती लोक त्यास अनंत जीवनाची खूण मानतात.

गतवर्षी आम्ही मुलांसह असे एक चक्र केले व ते साफ फसले. शनिवारी दुपारी ठाण्यास जांभळी नाक्याच्या मंडईतून गुलाब व मोगरा आणून तारेच्या कड्यावर बांधला. रविवारी सकाळी पाहतो तो गुलाबांनी माना टाकलेल्या आणि मोगरा तपकिरी पडलेला! मुले हिरमुसली. सोमवारी वर्गात ही हकीगत निघाली, तेव्हा डोंबिवलीहून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आमची आजी पाडव्याला आधी आंब्याची पाने घेते. तिचे तोरण कित्येक दिवस टिकते.” आम्ही त्या आजीबाईंकडे गेलो आणि त्यांचे शिष्य झालो.

पाडव्याची विद्या ईस्टरला उपयोगी पडावी, यात नवल नाही. पाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेस येतो. ईस्टर २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढील रविवारी. दोन्ही सण चंद्रावर अवलंबून. २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला व पाडवा ९ एप्रिलला आला. २०२५ साली पाडवा ३० मार्चला व ईस्टर २० एप्रिलला. ऋतू एकच, म्हणून पानेफुलेही तीच.

आता कृती. बांबूच्या दोन पातळ कामट्या पाण्यात चांगल्या भिजवाव्या, म्हणजे त्या न मोडता वाकतात. त्यांचे सुमारे दीड वीत रुंद कडे करून सुतळीने बांधावे. त्यावर ओलसर पेंढा गुंडाळून वरून सुतळीचे वेढे द्यावे. मग आंब्याची पाने दोनदोन घेऊन देठ सुतळीखाली खोवावे. सर्व पाने एकाच दिशेस असावी व प्रत्येक जोडीने मागील जोडीचे देठ झाकावे. शेवटी झेंडूची फुले हिरव्या देठाकडून सुईने ओवून पानांमध्ये बांधावी. मोगरा हवा असल्यास उमललेली फुले न घेता सकाळी खुडलेल्या टपोऱ्या कळ्या घ्याव्या. त्या रात्री उमलतात.

आमचे चक्र का फसले, तेही समजून घ्या. खुडलेल्या फुलास मुळांकडून पाणी मिळत नाही, परंतु पाकळ्यांतून पाण्याची वाफ होणे चालूच राहते. फुलातील साठा संपला की ते मलूल होते. पहाटे फुलात पाणी भरपूर असते; दुपारी उन्हाने ते घटलेले असते. आंब्याचे पान जाड असून त्यावर मेणासारखा लेप असतो, त्यामुळे ते सावकाश सुकते. ओला पेंढाही चक्रास गारवा देतो.

पालकांस एक विनंती. कण्हेरीचे फूल सुंदर असले तरी त्या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. घरात लहान मूल असल्यास ते वापरू नये. चाफ्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. शेजाऱ्याच्या झाडाची पाने विचारल्यावाचून तोडू नयेत, आणि कैऱ्या लागलेली डहाळी तर मुळीच मोडू नये.

बाजारात प्लास्टिकच्या फुलांचे चक्र मिळते व ते कोमेजत नाही, हे खरे. पण जे कधी कोमेजत नाही, ते कधी उमललेलेही नसते. शिवाय ते टाकावयाचे कोठे? सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, ती असा कचरा कुजत नाही म्हणूनच. आपले चक्र सुकल्यावर तलावात किंवा खाडीत न टाकता झाडाच्या बुंध्याशी मातीत पुरावे. पेंढा, सुतळी, फुले, सर्वांचे खत होते.

यंदा आम्ही दोन चक्रे केली. एक चर्चच्या दारी लागले. दुसरे त्या विद्यार्थिनीने डोंबिवलीस आजीबाईंकडे नेले. चार दिवसांनी निरोप आला: “पाने अजून हिरवी आहेत. सरांना म्हणावे, आता पास झालात.”