फीत पुसट झाली की हृदयाकडे बघा

अर्धांगवायूचा रुग्ण शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्याच्या अरुंद जिन्यावरून खुर्चीत बसवून खाली आणायचा, गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या १०८ मध्ये चढवायचा आणि साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळेल असे रुग्णालय गाठायचे, ही घाई आता बऱ्याच घरांना समजू लागली आहे. त्यात सगळ्यांचे लक्ष वाकड्या तोंडाकडे आणि लुळ्या हाताकडे असते. माझे म्हणणे असे, की झटका मेंदूतल्या इन्शुलाला बसला असेल तर छातीवरच्या वायरी लवकर काढू नयेत. हा भाग वरून दिसत नाही. कपाळामागचा आणि कानशिलामागचा मेंदू बाजूला सारला की खोल घडीत सापडतो. मेंदूच्या मधल्या धमनीच्या फांद्या त्याच्यावरूनच जातात, त्यामुळे ती धमनी तुंबली की यालाही झळ लागते. सीटी स्कॅनमध्ये तिथल्या राखाडी द्रव्याची बारीक फीत एरवी वेगळी ओळखू येते. रक्त थांबले की काही तासांतच ती पुसट होते. तंत्रज्ञ मेंदू बघत असतो, पण ही खूण हृदयासाठीही आहे.

चव, वेदना, छातीतली धडधड यांची जाणीव इन्शुलात होते, आणि ठोके व रक्तदाब यांवरही त्याचा ताबा चालतो. १९९२ मध्ये स्टीफन ओपेनहायमर आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेत त्याला विजेने चेतवले, तेव्हा उजवीकडे बहुधा ठोके वाढले, डावीकडे मंदावले. म्हणूनच झटक्यानंतर ईसीजी बिघडतो, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे सांगणारे रक्तातले ट्रोपोनिन चढते, क्वचित हृदयवाहिन्या मोकळ्या असूनही हृदय फुगून थकते. कोणी म्हणेल, हृदय आधीच दुखणाईत असणार, गुठळी तिथूनच आली. अनेकदा खरेच, पण मग नजर ठेवायला कारण वाढते, कमी होत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: इन्शुला बहुधा मोठ्या झटक्यातच सापडतो, मग दोष जागेचा की आकाराचा? उजव्या-डाव्याचा हिशेबही सगळ्या अभ्यासांत जुळत नाही, म्हणून मी त्यावर भर देत नाही. खाटेजवळचा निर्णय मात्र दोन्ही उत्तरांनी तोच राहतो. निदान २४ तास मॉनिटर ठेवावा, असे मार्गदर्शक सूचना सांगतातच. उलट, चढलेले ट्रोपोनिन म्हणजे हार्ट अटॅकच, असे धरून रक्त पातळ करणारी औषधे घाईने दिली, तर मेंदूतल्या ताज्या जखमेत रक्तस्रावाची भीती. नातेवाइकांनी डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे: ‘इन्शुला सापडलाय का, आणि मॉनिटर किती दिवस ठेवणार?’