तळहातावरचं शंटिंग इंजिन

17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून अहिल्यानगरकडे गाडी सुटली आणि जिल्ह्याच्या ठिकाणाला अखेर रेल्वे मिळाली. त्याआधी कित्येक पिढ्या जिल्ह्यातली रेल्वे म्हटलं की परळी वैजनाथ आणि घाटनांदूर हीच नावं पुढे यायची. परळीची तर ओळखच दुहेरी, एक ज्योतिर्लिंग आणि दुसरं औष्णिक वीज केंद्र. वीज केंद्र आलं की कोळसा आला आणि कोळसा आला की त्याच्या वाघिणी आल्या. पन्नासहून जास्त वाघिणींचा एक रेक साडेतीन-चार हजार टन कोळसा घेऊन येतो. हा रेक लांबून ओढून आणतं ते मोठं इंजिन. पण पुढचं काम, म्हणजे वाघिणी तोडायच्या, ढकलायच्या, या रुळावरून त्या रुळावर न्यायच्या, रिकाम्या पुन्हा जोडायच्या, हे शंटिंगच्या इंजिनाचं. प्रवाशाचं त्याच्याकडे लक्ष जात नाही, कारण ते कोणालाच कुठे नेत नाही.

भारतीय रेल्वेत या इंजिनांच्या नावातच त्यांचं काम लिहिलेलं असतं. डब्ल्यूडीएस म्हणजे ब्रॉडगेज, डिझेल, शंटिंग. डब्ल्यूडीएस-6 हे सहा आसांचं, सुमारे 1400 अश्वशक्तीचं इंजिन देशभरातल्या कारखान्यांनी आणि वीज केंद्रांनीही घेतलं. त्याच्या आधीचं डब्ल्यूडीएस-4 चित्तरंजनच्या कारखान्यात बनलं. तीन आस, साठेक टन वजन, आणि डिझेल असूनही चाकांना जोडणारे दांडे बाहेर दिसणारे, वाफेच्या इंजिनासारखे. ते दांडे फिरताना पाहण्यात जी मजा आहे ती नव्या इंजिनांत नाही, असं माझं ठाम मत आहे. छोटं रेल्वे मॉडेल करायचं असेल तर मी याच इंजिनापासून सुरुवात करा म्हणेन.

पण लहान म्हणजे किती लहान? जगभर सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, 1:87. त्यात कोळशाची एक बॉक्सएन वाघीण सुमारे सव्वाबारा सेंटीमीटरची होते. खेळण्यासारखी वाटते, पण हिशेब करून बघा: 58 वाघिणींचा पूर्ण रेक 7 मीटरच्या पुढे जातो! एवढी सलग भिंत कुणाच्या घरात असते? वळणं, स्थानक, बोगदा वगैरे धरलं तर अख्खा हॉल लागेल. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय, जे 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुलं झालं, ते म्हणजे एका माणसाच्या आयुष्यभराच्या ध्यासाचा असाच हॉल आहे. सिग्नल, सांधे, उड्डाणपूल, सगळं जिवंत. मराठी मुलखात हा छंद डोळ्यांनी पाहायचा असेल तर तिथे जावंच. मात्र घरी, एका फळीवर, खरीखुरी रेल्वे चालवायची तर यार्डाचा एक तुकडा आणि एक शंटिंग इंजिन पुरेसं होतं.

आणि इथेच ते आश्चर्य आहे ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. सर्वांत लहान इंजिन हेच बनवायला सर्वांत अवघड असतं. कारण इंजिन आपण 87 पटींनी लहान करतो, पण धूळ, वीज आणि गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही.

वजन घ्या. लांबी, रुंदी, उंची तिन्ही 87 पटींनी घटल्या की वजन 87 गुणिले 87 गुणिले 87, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पटींनी घटतं. साठ टनांचं डब्ल्यूडीएस-4 प्रमाणात उतरवलं तर भरतं जेमतेम 91 ग्रॅम. एवढ्या हलक्या वजनानं चाकं रुळाला नीट दाबली जात नाहीत. म्हणून कॅबच्या कोपऱ्यात, बॉनेटच्या आत, टाकीच्या जागी, जिथे बोटभर पोकळी असेल तिथे शिसं भरतात. टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायला मिळणारे शिशाचे तुकडे या कामाला उत्तम.

आता धूळ. मिलिमीटरचा दहावा भाग एवढा कण आपल्याला जेमतेम दिसतो. पण त्या इंजिनाच्या मापात तो पाऊण सेंटीमीटरहून मोठा खडा असतो, आणि त्यातून वीज जात नाही. मोटारीला वीज मिळते ती रुळांतून, चाकांतून आणि चाकाच्या मागच्या बाजूला टेकलेल्या फॉस्फर ब्राँझच्या केसाएवढ्या पट्टीतून. लांब इंजिनाला आठ-बारा चाकं असतात, एकाचा संपर्क तुटला तरी बाकीची सांभाळून घेतात. दोन आसांच्या चिमुकल्या शंटरला एका बाजूला फक्त दोन चाकं. तो सांध्यावर, म्हणजे रूळ दोन फाट्यांत विभागतो तिथे, येतो. सांध्याच्या मधलं नाक बहुतेक वेळा प्लॅस्टिकचं, तिथे वीज नाही. एक चाक त्या नाकावर, दुसऱ्याखाली धुळीचा कण. बस, इंजिन मुकाट उभं! मग बोटानं ढकलायचं, आणि बोट दिसलं की सगळी जादू गेली.

यावरचा एक उपाय मला फार सुंदर वाटतो. तीन पायांचं स्टूल कशाही जमिनीवर डगमगत नाही, तसंच एक आस घट्ट बसवतात आणि दुसरा मधल्या खिळीवर झुलता ठेवतात. मग रूळ किंचित वाकडा असला तरी चारही चाकं टेकलेलीच राहतात. दुसरा उपाय म्हणजे कपॅसिटर, जो क्षणभराची वीज साठवून इंजिनाला तेवढी फट पार करून देतो. मग मोटारीला जड चकती, म्हणजे फ्लायव्हील का लावत नाहीत? लावतात, पण लहान मापात ती फार साथ देत नाही. फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व आकाराच्या पाचव्या घातानं घटतं, 87 च्या बाबतीत जवळपास 500 कोटी पटींनी.

वेगाचंही असंच. खरं शंटिंग माणसाच्या चालीनं होतं, ताशी 5 किलोमीटरच्या आसपास. मॉडेलमध्ये हा वेग सेकंदाला दीड सेंटीमीटरहून थोडा जास्त येतो, म्हणजे चाक मिनिटाला अवघे पंचविसेक फेरे घेतं. मोटार मात्र मिनिटाला हजारो फेऱ्यांची. मध्ये वेग उतरवणारे गिअर हवेतच. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळणारी एन-20 ही गिअरवाली मोटार फक्त 12 बाय 10 मिलिमीटर छेदाची असते आणि बॉनेटमध्ये बसते.

गेजची गोष्टही अशीच गमतीची. भारतीय ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, 1:87 मध्ये सव्वाएकोणीस. पण बाजारात मिळणारा एचओ रूळ 16.5 चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरसाठी आहे. बहुतेक जण ही तडजोड मान्य करून टाकतात. शेजारच्या बार्शी लाइट रेल्वेला मात्र तडजोडीची जवळजवळ गरजच नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपनं आखलेली, 1897 मध्ये सुरू झालेली आणि पुढे लातूरपर्यंत गेलेली ती नॅरोगेज 762 मिलिमीटरची होती. 87 नं भागा: 8.76. आणि एन नावाच्या त्याहून लहान प्रमाणाचा तयार रूळ 9 मिलिमीटरचा! म्हणजे एन प्रमाणाच्या इंजिनाचा सांगाडा घ्यायचा, त्यावर प्लॅस्टिक शीटची मोठी बॉडी बसवायची, की बार्शी लाइटचं इंजिन तयार.

रंग शेवटी. परळीचं इंजिन चकचकीत ठेवू नका. बॉनेटच्या कडांना करडी राख, पायऱ्यांवर कोळशाची काळी पूड, एक्झॉस्टच्या मागे काजळी. सगळं मऊ कुंचल्यानं, आणि थोडं कमीच.

मग फळी घ्या, दीड-पावणेदोन मीटरची. ब्रिटनच्या अ‍ॅलन राईट यांच्या इंगलनूक नावाच्या मांडणीत तीन फाटे असतात: एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. एकूण आठ वाघिणी. त्यातल्या कोणत्याही पाच, चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमानं, लांब फाट्यावर लावायच्या. असे क्रम 6720 होतात. रोज एक लावलात तरी 18 वर्षं पुरतील.