शेअर नक्की कुणाच्या ताब्यात?

१९९६ पूर्वी शेअर विकत घेतला म्हणजे तो आपला झाला, असं नव्हतं. दलाल स्ट्रीटवर सौदा झाला की सर्टिफिकेट, विकणाऱ्याच्या सहीचा ट्रान्सफर फॉर्म आणि मुद्रांक असं बाड कंपनीच्या रजिस्ट्रारकडे जाई. सही जुळली नाही की कागद परत. बाजारात याला ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. टपालात गहाळ झालेली, चोरीची, बनावट सर्टिफिकेटं निघत ती वेगळीच. १९९२ पासून परदेशी वित्तसंस्थांना बाजार खुला झाला, तेव्हा हा पसारा आवरणं भागच पडलं.

एप्रिल १९९६ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचं क्लिअरिंग कॉर्पोरेशन सुरू झालं. प्रत्येक विकणाऱ्यासमोर खरेदीदार म्हणून आणि प्रत्येक खरेदीदारासमोर विकणारा म्हणून तेच उभं राहू लागलं. समोरचा दलाल बुडाला तरी सौदा पुरा होणार, ही हमी त्यातून आली. त्याच वर्षी डिपॉझिटरी, म्हणजे शेअरची मालकी कागदाऐवजी संगणकात नोंदवणाऱ्या संस्थेसाठीचा कायदा झाला. नोव्हेंबरात मुंबईत एनएसडीएल ही डिपॉझिटरी सुरू झाली आणि १९९९ मध्ये सीडीएसएल ही दुसरी.

पुढे कौतुक झालं ते वेगाचं. २००३ मध्ये सौदा दोन दिवसांत मिटू लागला, २७ जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर एका दिवसात. अमेरिकेनं हे मे २०२४ मध्ये केलं. मला मात्र वेगापेक्षा मालकीच्या नोंदीचं अप्रूप जास्त वाटतं. अमेरिकेत बहुतेक शेअर ‘सीड अँड कंपनी’ या एकाच नावावर असतात. गुंतवणूकदाराचं नाव दलालाच्या वहीत. आपल्याकडे डिपॉझिटरीतच प्रत्येकाचं स्वतःच्या नावाचं खातं.

तरीही २०१९ मध्ये कारवी या दलाल कंपनीचं प्रकरण घडलंच. ग्राहकांच्या मुखत्यारपत्राच्या जोरावर त्यांचेच शेअर तारण ठेवून कर्ज उचललं गेलं. नोंद चोख होती, किल्ली दलालाकडे होती! त्यानंतर बाजाराची नियामक संस्था सेबीनं सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठीचं तारण डिपॉझिटरीतच नोंदवणं सक्तीचं केलं आणि २०२५ मध्ये खरेदीचे शेअर थेट ग्राहकाच्या खात्यात जमा होऊ लागले. ही दुरुस्ती एका दिवसाच्या सौदापूर्तीपेक्षा मोलाची.

नवं तंत्र म्हणजे सुधारणा, असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारानं १९९४ पासूनची ‘चेस’ ही सौदापूर्तीची प्रणाली बदलून ब्लॉकचेन आणायला घेतली, वर्षानुवर्षं घोळ घातला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्ची टाकून काम थांबवलं. त्याच महिन्यात आपल्या सीडीएसएलच्या अंतर्गत संगणकांत मालवेअर शिरलं आणि सौदापूर्ती रखडली. सगळी मालकी दोन संस्थांच्या संगणकांत साठवल्यावर कागदाची चोरी संपते, धोका संपत नाही.

आणि कागद तरी कुठे संपलाय? १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरची खरेदी-विक्री बंद आहे, पण जुनी सर्टिफिकेटं अजून घरांत पडून असतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही, तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. ते परत मिळतात, पण आजोबांच्या नावाचे असतील तर आधी वारसा सिद्ध करा, मग आईचं माहेरचं आणि सासरचं नाव जुळवा! घरात जुनी सर्टिफिकेटं असतील तर यंदाच ती डिमॅट, म्हणजे डिपॉझिटरीतल्या खात्यात जमा, करून घ्या आणि खात्याला नॉमिनी लावा.